मोजपट्टी कोणाच्या हाती? जपानी तरुण-तरुणींच्या शरीरप्रतिमेचा इतिहास

प्रस्तावना

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात मापनशास्त्र शिकवतो. मग जपानी तरुणांच्या शरीराविषयीचे हे टिपण मी का लिहावे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचे कारण आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी कार्यशाळेत प्रात्यक्षिक चालू असताना एक विद्यार्थिनी लेथजवळ चक्कर येऊन खाली बसली. आदल्या दुपारपासून तिने काही खाल्ले नव्हते. वजन कमी करायचे होते म्हणाली. तिचे वजन मुळातच कमी होते. त्याच महिन्यात त्याच वर्गातला एक मुलगा मला विचारायला आला, "सर, दंड लवकर भरायला कोणती प्रोटीन पावडर चांगली?" दोघेही एकाच वयाचे आणि एकाच वर्गातले. मुलीला आरशात जास्तीचे काहीतरी दिसत होते, मुलाला कमी पडलेले.

आमच्याकडे आधुनिक जपानचा इतिहास हा ऐच्छिक विषय आहे आणि तो मी शिकवतो. त्या तासांची तयारी करताना लक्षात आले की वरच्या प्रसंगातला प्रश्न जपानच्या इतिहासात फार स्वच्छ दिसतो. याचे कारण साधे आहे. आपल्या लोकांची शरीरे जपानइतकी सातत्याने मोजणारे देश थोडे आहेत. शाळकरी मुलामुलींच्या उंचीचे देशव्यापी आकडे तिथे 1900 पासून मिळतात आणि लोकांच्या आहाराची व प्रकृतीची पाहणी 1945 च्या अखेरीस सुरू झाली, ती आजही होते.

या टिपणात आपण तीन गोष्टी पाहणार आहोत : शरीरप्रतिमा म्हणजे काय आणि ती कशी मोजतात; जपानमध्ये स्त्रीच्या आणि पुरुषाच्या शरीराकडून केलेल्या अपेक्षा दीडशे वर्षांत कशा बदलल्या; आणि त्यातून आजच्या तरुण पिढीत जो फरक दिसतो त्याची किंमत कोण मोजतो.

1. शरीरप्रतिमा म्हणजे काय?

स्वतःच्या शरीराविषयी आपल्या मनात जे चित्र असते आणि त्या चित्राविषयी आपल्याला जे वाटते, त्या दोन्हींना मिळून शरीरप्रतिमा म्हणतात. ती प्रत्यक्ष शरीरापेक्षा वेगळी असू शकते. सडपातळ मुलगी स्वतःला जाड समजते, तेव्हा तिच्या डोळ्यांत दोष नसतो. ती ज्या आदर्शाशी तुलना करते तो आदर्श तिच्याहूनही बारीक असतो.

आमच्या विषयात पहिल्या तासाला सांगतात की संदर्भपातळी ठरल्याशिवाय कोणत्याही मापाला अर्थ नसतो. 'डोंगर 800 मीटर उंच आहे' म्हणजे समुद्रसपाटीपासून. शरीराविषयीचे समाधान किंवा असमाधान हेसुद्धा असेच वजाबाकीचे उत्तर आहे. एक आकडा आपला असतो, दुसरा आदर्शाचा. आपला आकडा वजनकाटा सांगतो, पण आदर्शाचा आकडा कुठून येतो, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

ही वजाबाकी मोजण्याची एक सोपी पद्धत 1980 च्या दशकात रूढ झाली. अगदी कृश ते अगदी स्थूल अशा नऊ आकृत्या एका ओळीत काढलेल्या असतात. 'तुम्ही आज कोणत्या आकृतीसारखे आहात? कोणत्या आकृतीसारखे व्हावेसे वाटते?' असे विचारायचे आणि दोन उत्तरांतले अंतर मोजायचे. 1985 मध्ये अमेरिकेत फॅलन आणि रोझिन यांनी विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला. मुलींची 'आजची' आकृती 'हव्याशा' आकृतीपेक्षा स्पष्टपणे स्थूल निघाली. मुलांच्या दोन्ही आकृत्या सरासरीने जवळपास एकाच ठिकाणी आल्या. शिवाय, मुलांना आवडेल असे मुलींना जे वाटत होते, ते मुलांनी प्रत्यक्षात निवडलेल्या आकृतीपेक्षा बारीक होते.

यावरून 'मुले समाधानी असतात' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. इथे मात्र सावध राहा. +5 आणि −5 यांची सरासरी शून्य येते, म्हणून दोन्ही मापे बरोबर आहेत असे होत नाही. 1987 मध्ये ड्रूनोव्स्की आणि यी यांनी अमेरिकी महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारले, तेव्हा सुमारे 40 टक्क्यांना वजन कमी करायचे होते आणि सुमारे 45 टक्क्यांना वाढवायचे होते. मुलींमध्ये 85 टक्के एकाच दिशेला होत्या. म्हणजे असमाधान दोघांतही होते. मुलींचे एका दिशेने वाहत होते आणि मुलांचे दोन दिशांना फुटत होते. ही गोष्ट लक्षात ठेवून आता जपानकडे वळू.

2. किमोनोतले शरीर

एदो काळात, म्हणजे 1868 पूर्वीच्या अडीचशे वर्षांत, स्त्रीच्या सौंदर्याची चर्चा मुख्यतः चेहरा, केस, मान आणि त्वचा यांच्याभोवती फिरत असे. गोरा रंग सात दोष झाकतो अशी म्हण जपानीत आहे. आपल्या वाचकांना ती परकी वाटू नये. विवाहित स्त्रिया दात काळे करत, त्याला ओहागुरो म्हणत. भुवयाही काढून टाकत.

कंबर किती, मांड्या किती, हे प्रश्न फारसे नव्हते, कारण कपडाच तसा होता. किमोनो सरळ पट्ट्यांचा शिवलेला असतो. तो अंगाला बसवण्यासाठी कापत नाहीत, अंगाभोवती गुंडाळून रुंद पट्ट्याने बांधतात. नेसताना कमरेशी खोलगट भाग राहिला तर आजही तिथे टॉवेलची घडी ठेवून तो भरून काढतात. ज्या वस्त्रात कमरेचा बाक हा दोष मानला जातो, त्या वस्त्रात बारीक कंबर हा आदर्श होऊ शकत नाही.

1868 च्या मेजी सत्तांतरानंतर नव्या सरकारने देश बदलायला घेतला आणि शरीरही त्यातून सुटले नाही. 1871 मध्ये पुरुषांना शेंडीवजा केशबंध कापून टाकण्याची मुभा देणारा हुकूम निघाला. 1873 मध्ये सम्राटाने स्वतः केस कापले. त्याच वर्षी सम्राज्ञीने दात काळे करणे आणि भुवया काढणे बंद केले. मात्र काही स्त्रियांनी पुरुषांसारखे केस कापले, तेव्हा टोकियोच्या प्रशासनाने 1872 मध्ये स्त्रियांच्या आखूड केसांवर बंदी घातली. हा तपशील छोटा असला तरी महत्त्वाचा आहे. पुरुषाने आधुनिक दिसावे, स्त्रीने कितपत आधुनिक दिसावे हे मात्र दुसऱ्याने ठरवावे, हा भेद अगदी सुरुवातीलाच आला.

1880 च्या दशकात दरबारी स्त्रिया युरोपीय पोशाख घालू लागल्या. 1887 मध्ये सम्राज्ञीने या पोशाखाचा पुरस्कार करणारे निवेदन काढले. त्या पोशाखाबरोबर कॉर्सेट, म्हणजे कमर आवळणारी घट्ट चोळी, आली. टोकियोत वैद्यक शिकवणारे जर्मन डॉक्टर एर्विन बेल्झ यांनी ती प्रकृतीला घातक असल्याचा इशारा दिला. पण हा पोशाख मूठभर उच्चवर्गीय स्त्रियांपुरताच होता. सामान्य जपानी स्त्री पुढची अर्धी शतकभर किमोनोतच राहिली.

3. सैन्याची पट्टी

पुरुषाच्या शरीरावर पहिली मोजपट्टी सरकारने ठेवली. 1873 मध्ये सक्तीच्या लष्करी भरतीचा कायदा झाला. 20 वर्षांच्या तरुणाला तपासणीसाठी उभे राहावे लागे आणि उंचीची किमान मर्यादा होती 5 शाकू 1 सून, म्हणजे सुमारे 154.5 सेंटिमीटर. या रेषेखाली भरणारा तरुण सैन्यातून वगळला जाई.

त्यामागे एक राष्ट्रीय न्यूनगंडही होता. पाश्चात्त्य जहाजे, तोफा आणि त्यांवरचे उंचपुरे खलाशी जपानने एकाच वेळी पाहिले होते. 1884 मध्ये ताकाहाशी योशिओ या लेखकाने जपानी वंश सुधारण्यावर पुस्तकच लिहिले आणि त्यात पाश्चात्त्यांशी विवाहसंबंध करावेत असेही सुचवले. मांस खाणे, दूध पिणे, कवायत करणे, या सगळ्यांमागे एकच चिंता होती : आमचे पुरुष लहान चणीचे आहेत.

पुढे भरतीच्या तपासणीत तरुणांची प्रतवारी होऊ लागली. पहिल्या प्रतीला 'को' म्हणत. मुलगा पहिल्या प्रतीत आला की गावात घराण्याची मान उंचावे. खालच्या प्रतीत आलेल्याला ती गोष्ट जन्मभर आठवे. 1928 मध्ये रेडिओवर सामूहिक व्यायामाचा कार्यक्रम सुरू झाला. 1938 मध्ये सैन्याच्या आग्रहातून आरोग्य व कल्याण मंत्रालय स्थापन झाले आणि 1940 मध्ये राष्ट्रीय शारीरिक क्षमता कायदा आला. 1939 मध्ये विद्यार्थ्यांचे लांब केस आणि स्त्रियांचे कुरळे केलेले केस या दोन्हींविरुद्ध एकाच वेळी मोहीम निघाली.

या काळात स्त्रीकडून कृश होण्याची अपेक्षा नव्हती, हे नीट लक्षात घ्या. 1941 च्या लोकसंख्या धोरणाला अधिक मुले हवी होती आणि त्यासाठी दणकट माता हवी होती. मुलींची उंची आणि वजन शाळेत मोजले जाई ते याच दृष्टीने. म्हणजे युद्ध संपेपर्यंत स्त्री आणि पुरुष दोघांचीही शरीरे राज्याच्या कामाची होती आणि दोघांनाही 'भरा, वाढा' असेच सांगितले जात होते.

या पट्टीचा ठसा किती खोल होता याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लेखक मिशिमा युकिओ. लहानपणापासून अशक्त असलेल्या मिशिमांना 1945 मध्ये सैन्यातून आजारी ठरवून घरी पाठवले गेले. 1955 पासून त्यांनी वजने उचलून शरीर कमावले आणि त्या कमावलेल्या शरीराचे फोटोही काढून घेतले. सैन्य गेले, भरती गेली, तरी एका माणसाच्या मनातली तपासणी चालूच राहिली.

4. पट्टी बाजाराच्या हाती

1945 मध्ये पराभवाबरोबर सक्तीची भरती संपली. जपानी तरुण पुरुषाच्या अंगावरून सरकारी पट्टी निघाली. साधारण त्याच सुमारास तरुण स्त्रीच्या अंगावर दुसरी पट्टी आली, बाजाराची.

1953 मध्ये इतो किनुको ही जपानी तरुणी मिस युनिव्हर्स स्पर्धेत तिसरी आली. त्या वर्षी 'हात्तोशिन' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. त्याचा अर्थ, डोक्याच्या आठ पट उंची असलेले शरीर. 1959 मध्ये कोजिमा अकिको हिने हीच स्पर्धा जिंकली, आशियातील पहिली विजेती म्हणून. लक्षात घ्या, ज्या देशात दोन पिढ्यांपूर्वी सौंदर्याची चर्चा मान आणि त्वचेवर संपत होती, तिथे आता डोके आणि उंची यांचे गुणोत्तर काढले जाऊ लागले. पूर्वी चेहरा पाहिला जाई, आता प्रमाण मोजले जाऊ लागले.

याच काळात सामान्य स्त्रियांनी रोजच्या वापरात पाश्चात्त्य कपडे स्वीकारले. सुरुवातीला ते घरी किंवा शिंप्याकडे शिवले जात. शिवणकाम शिकवणाऱ्या शाळा जोरात चालत होत्या. पुढे 1960-70 च्या दशकांत तयार कपड्यांनी त्यांची जागा घेतली. हा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिवलेला कपडा घट्ट झाला तर उसवून सैल करतात, म्हणजे कपडा शरीराप्रमाणे बदलतो. तयार कपडा अंगात शिरला नाही तर चूक कोणाची ठरते? दुकानात कपडे बदलण्याच्या खोलीत उभी असलेली मुलगी कपड्याला दोष देत नाही.

जपानी औद्योगिक मानकांत कपड्यांची मापेही ठरवलेली आहेत. स्त्रियांच्या मापांत 'नऊ नंबर' हे मध्यवर्ती माप. त्याच्या नेहमीच्या रूपात उंची 158 आणि छाती 83 सेंटिमीटर धरतात. तरुणींच्या फॅशन दुकानांत 7, 9 आणि 11 या नंबरांपलीकडे फारसे काही नसे. पुरुषांच्या सूटची पद्धत वेगळी आहे. तिथे छाती आणि कंबर यांच्यातल्या फरकावरून अक्षर ठरते : फरक 12 सेंटिमीटर असेल तर 'ए', 8 असेल तर 'बी', आणि पोट छातीएवढेच असेल तर त्यासाठीही 'ई' हे अक्षर आहे. कचेरीत जाणाऱ्या पुरुषाच्या पोटाला मानकात जागा होती. मुलीला मात्र नऊ नंबरात बसायचे होते. अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर पुरुषाला टॉलरन्स मोठा होता, स्त्रीला अगदी थोडा.

1967 मध्ये ब्रिटिश मॉडेल ट्विगी जपानला आली आणि मिनी स्कर्टची लाट आली. 1970 मध्ये 'आन आन' आणि 1971 मध्ये 'नॉन नो' ही तरुणींची मासिके निघाली. 1995 मध्ये 'पुरिकुरा' म्हणजे स्टिकर छापून देणारी फोटोयंत्रे आली. पुढे ही यंत्रे डोळे मोठे आणि चेहरा निमुळता करून देऊ लागली. आज मोबाइलमधले फिल्टर जे करतात, ते जपानी शाळकरी मुली कितीतरी आधी नाणी टाकून करून घेत होत्या. 2008 मध्ये सकाळी फक्त केळी खाण्याच्या पथ्याचे वेड इतके पसरले की दुकानांतली केळी संपली. अलीकडे समाजमाध्यमांत 'सिंड्रेला वजन' नावाचे सूत्र फिरते. उंचीच्या मीटरमधील वर्गाला 18 ने गुणले की ते वजन मिळते. म्हणजे बीएमआय 18. वैद्यकशास्त्र 18.5 च्या खाली कमी वजन मानते. ज्या वजनाला डॉक्टर काळजी करतील, ते वजन इथे परीकथेतले स्वप्न झाले.

5. आकडे काय सांगतात?

आता मोजलेल्या शरीरांकडे पाहू. 1900 मध्ये 17 वर्षांच्या जपानी मुलाची सरासरी उंची सुमारे 158 सेंटिमीटर होती आणि मुलीची सुमारे 147. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुलगा जवळजवळ 171 आणि मुलगी 158 वर पोहोचली. तिथून पुढे दोन्ही रेषा जवळपास आडव्या आहेत. उंचीत दोघेही वाढले. आहार, स्वच्छता, रोगनियंत्रण आणि 1954 च्या कायद्याने पक्के झालेले शाळेतले दुपारचे जेवण यांचे हे फळ.

वजनात मात्र वाटा फुटल्या. युद्धोत्तर पोषण पाहणीच्या आकड्यांत पुरुषांचा सरासरी बीएमआय दशकानुदशके वाढत गेला. तरुण स्त्रियांचा कमी होत गेला. एकच देश, एकच स्वयंपाकघर, भाऊ आणि बहीण एकाच घरात जेवणारे, आणि तरी दोन रेषा उलट दिशांना. अन्नाची टंचाई असती तर दोघेही बारीक झाले असते, आणि समृद्धी हेच कारण असते तर दोघेही जाड झाले असते. दोघांमध्ये वेगळे होते ते त्यांच्यासमोरचे चित्र.

विशीतल्या जपानी स्त्रियांमध्ये कमी वजनाचे प्रमाण 1997 मध्ये 23.3 टक्के होते, 2010 मध्ये 29.0 टक्के आणि 2019 मध्ये 20.7 टक्के. दर पाच तरुणींमध्ये एक, असे सुमाराने धरा. 2019 च्या त्याच पाहणीत 25 किंवा त्याहून अधिक बीएमआय असलेले प्रौढ पुरुष 33.0 टक्के आणि स्त्रिया 22.3 टक्के होत्या.

मग कोणी म्हणेल, ज्या मुली इतक्या सडपातळ आहेत त्या तरी समाधानी असतील. 1998 मध्ये मुकाई आणि सहकाऱ्यांनी जपानी आणि अमेरिकी महाविद्यालयीन मुलींची तुलना प्रसिद्ध केली. जपानी मुली अमेरिकी मुलींपेक्षा बारीक होत्या आणि तरीही स्वतःच्या शरीराबद्दल अधिक असमाधानी होत्या. वजाबाकीचे उदाहरण आठवा. आपला आकडा कमी झाला तरी आदर्शाचा आकडा त्याहून वेगाने खाली सरकला, तर अंतर वाढतच जाते.

6. पुरुषांचे काय?

पुरुषाच्या अंगावरून सरकारी पट्टी निघाली, असे वर म्हटले. पण ती पूर्ण नाहीशी झाली नाही. उंची राहिली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस, जपानच्या भरभराटीच्या काळात, 'सान्को' म्हणजे 'तीन उंच' हा शब्द लग्नाच्या बाजारात चालत होता : वराचे शिक्षण उंच, पगार उंच आणि अंगाची उंचीही उंच. 1990 मध्ये माइनोउमी या तरुण मल्लाने सुमोची 173 सेंटिमीटरची अट पूर्ण करण्यासाठी टाळूखाली सिलिकॉन भरून घेतले आणि प्रवेश मिळवला. त्याची गोष्ट ऐकून लोक हसले, कौतुकही झाले. पण उंचीसाठी टाळू फाडून घेणारा पुरुष आणि वजनासाठी जेवण सोडणारी मुलगी यांत तत्त्वतः फरक काय, याचा विचार करा.

एक फरक आहे. उंची वाढवता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून बुटक्या पुरुषाला वाईट वाटते, पण बहुतेकदा अपराधी वाटत नाही. वजन आपल्या हातात आहे असे मानले जाते. म्हणून मुलीच्या असमाधानात अपराधाची भर पडते : मी जास्त खाल्ले, माझ्यात निग्रह नाही.

2009 च्या सुमारास एका पेयाच्या जाहिरातीतून 'होसो-माच्चो' हा शब्द घरोघरी गेला. कपड्यांत सडपातळ, पण कपडे काढले की स्नायू दिसणारा तरुण, असा त्याचा अर्थ. गेल्या काही वर्षांत तरुण पुरुषांसाठी अंगावरचे केस काढून देणारी केंद्रेही शहरोशहरी दिसतात. म्हणजे बाजाराची पट्टी आता मुलांकडेही वळली आहे. पण ती दोन दिशांना ओढते. जाड मुलाला बारीक व्हायचे आहे, बारीक मुलाला भरायचे आहे. सरासरी काढली की हे असमाधान आकड्यांतून गायब होते आणि 'मुलांना काही त्रास नाही' असे आपण म्हणून मोकळे होतो.

सरकारने पुरुषाची कंबर पुन्हा मोजायला घेतली ती 2008 मध्ये. त्या वर्षीच्या एप्रिलपासून 40 ते 74 वयोगटासाठी विशेष आरोग्यतपासणी सुरू झाली. त्यात कमरेची मर्यादा पुरुषासाठी 85 सेंटिमीटर आणि स्त्रीसाठी 90. 'मेताबो' हा शब्द चेष्टेचा झाला. इतर बहुतेक देशांत पुरुषाची मर्यादा स्त्रीपेक्षा मोठी असते, जपानमध्ये ती उलट आहे. पोटातल्या चरबीचे क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर धरून कंबर किती येते, यावरून हे आकडे ठरवले गेले आणि त्यांवर बरीच टीकाही झाली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ही पट्टी चाळिशीला सुरू होते आणि ती फक्त जाडी शोधते. विशीतल्या कृश मुलीला ती दिसत नाही.

7. 'पाश्चात्त्य प्रभाव' हे उत्तर पुरेसे का नाही?

परीक्षेत बहुतेक विद्यार्थी 'पाश्चात्त्य संस्कृतीचा प्रभाव' असे एका ओळीत उत्तर लिहितात. ट्विगी, मिस युनिव्हर्स, मासिके ही उदाहरणे त्याला आधार देतात. पण तीन अडचणी आहेत. पहिली, जपानी मुली अमेरिकी मुलींहून बारीक आहेत, मग प्रभाव मूळ झऱ्यापेक्षा जोरदार कसा झाला? दुसरी, अन्न नाकारण्याच्या विकाराचे वर्णन 18 व्या शतकातील जपानी वैद्य कागावा शुतोकू यांनी केलेले आहे, आणि त्यांचे रुग्ण मुख्यतः स्त्रिया होत्या. तेव्हा पाश्चात्त्य मासिके नव्हती. तिसरी, तीच पाश्चात्त्य चित्रे भावानेही पाहिली आणि त्याचे वजन वाढले.

म्हणून बाहेरून आलेल्या चित्राबरोबर घरातली रचनाही पाहावी लागते. मुकाई यांच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी इतरांची संमती मिळवण्याची गरज होती. ज्या समाजात पुरुषाची किंमत नोकरीवरून आणि स्त्रीची किंमत ती कशी दिसते यावरून ठरत आली, तिथे तेच चित्र पाहून भाऊ पान उलटतो आणि बहीण थांबते.

8. किंमत कोण मोजतो?

हे सगळे फक्त फॅशनपुरते असते तर इतिहासाच्या वर्गात आणण्याची गरज नव्हती. तरुण वयात वजन फार कमी ठेवले तर पाळी अनियमित होते, रक्तक्षय होतो, हाडे पुरेशी भरत नाहीत आणि त्याचा हिशेब उतारवयात चुकवावा लागतो. जपानमध्ये अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या नवजात बालकांचे प्रमाण 1970 च्या दशकाच्या मध्यात सुमारे 5 टक्के होते. 2005 नंतर ते 9 टक्क्यांच्या वर राहिले आहे. याला अनेक कारणे आहेत, पण आईचे कमी वजन आणि गरोदरपणातही वजन आवरण्याचा आग्रह ही त्यांतली महत्त्वाची मानली जातात. 2021 मध्ये तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शन बदलले. कमी वजनाच्या स्त्रीने गरोदरपणात 12 ते 15 किलो वाढावे, असे आता सांगितले जाते.

सरकारनेही उशिरा का होईना दखल घेतली. 2000 मध्ये सुरू झालेल्या 'निरोगी जपान 21' या कार्यक्रमात विशीतल्या कमी वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण 15 टक्क्यांवर आणायचे उद्दिष्ट होते. मुदत 2010 होती. त्या वर्षी प्रमाण 29.0 टक्के निघाले, हे आपण पाहिलेच. 2025 मध्ये स्थूलतेचा अभ्यास करणाऱ्या जपानी वैद्यकीय संघटनेने स्त्रियांच्या कमी वजनाला आणि कुपोषणाला स्वतंत्र आजारसमूह म्हणून नाव देण्याचा प्रस्ताव मांडला. चरबी मोजणाऱ्या संस्थेलाच अखेर चरबीच्या अभावाला नाव द्यावे लागले.

पुरुषांच्या बाजूलाही किंमत आहे. वजनाची लाज न वाटणे म्हणजे निरोगी असणे नव्हे. एक तृतीयांश पुरुष जास्त वजनाचे आहेत आणि चाळिशीपर्यंत त्यांना कोणी विचारत नाही. एकीला नको तितकी टोचणी आणि दुसऱ्याला हवी तितकीही नाही, असा हा असमतोल आहे.

समारोप

आपण पाहिले ते थोडक्यात असे. मेजी राज्याने पुरुषाची उंची मोजली, कारण त्याला सैनिक हवा होता. युद्धकाळाने स्त्रीला भरायला सांगितले, कारण त्याला माता हवी होती. 1945 नंतर बाजाराने स्त्रीची कंबर मोजली, कारण त्याला तयार कपडे विकायचे होते. 2008 मध्ये आरोग्यव्यवस्थेने मध्यमवयीन माणसांची कंबर मोजली, कारण तिला खर्च वाचवायचा होता. प्रत्येक वेळी आदर्श आकडा बाहेर कुठेतरी, दुसऱ्याच्या गरजेतून ठरला आणि तरुण माणसाने तो स्वतःची इच्छा समजून घरी नेला.

लेथजवळ बसलेल्या त्या मुलीला मी तेव्हा पाणी आणि बिस्कीट दिले आणि 'नीट जेवत जा' एवढेच म्हणालो. आज तिला एक प्रश्न विचारला असता, आणि तोच तुम्हाला विचारतो. आरशासमोर उभे असताना मनात जो आकडा येतो, तो तुम्हाला कोणी दिला आणि त्यातून त्याचे काय साधते?

स्वाध्याय

1. 'सरासरी शून्य आली म्हणजे असमाधान नाही' हे विधान तरुण पुरुषांच्या शरीरप्रतिमेच्या संदर्भात तपासा.
2. शिवून घेतलेल्या कपड्यांकडून तयार कपड्यांकडे झालेला बदल शरीरप्रतिमेवर कसा परिणाम करतो? तुमच्या घरातल्या दोन पिढ्यांना विचारून लिहा.
3. 1873 ची लष्करी भरती आणि 2008 ची आरोग्यतपासणी या दोन्हींत राज्य शरीर मोजते. दोन्हींच्या हेतूंतले साम्य आणि भेद सांगा.
4. जपानी तरुण स्त्रियांच्या कमी वजनाचे स्पष्टीकरण केवळ पाश्चात्त्य प्रभावाने का होत नाही, ते तीन मुद्द्यांत मांडा.